दोघींची अदलाबदल

आरोग्य खात्यातल्या बदल्यांचा डेटाबेस मी सांभाळतो. माझी बायको त्याच खात्यात परिचारिका आहे. ती चार वर्षं नऊ तासांच्या अंतरावरच्या दवाखान्यात, मी आणि लेक इथे. तिच्या जागी जायला तयार असलेली इथली एक परिचारिका अखेर सापडली, साहेबांची सहीही झाली. आता फक्त दोन नोंदी बदलायच्या होत्या.

अदलाबदल आमच्याकडे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायची. ते सुरू केलं की बदल फक्त मला दिसतात. कमिट म्हटलं की सगळ्यांना दिसतात, रोलबॅक म्हटलं की काही झालंच नाही. एक निघाली आणि दुसरी पोहोचलीच नाही, तर दवाखाना ओस पडतो. म्हणून दोन्ही, नाहीतर एकही नाही. हा नियम माझाच, आणि त्यावरून मी ऑफिसात सगळ्यांचं डोकं खाल्लेलं आहे.

बायकोची नोंद बदलली. वाचून पाहिली, तर तिच्या नावापुढे आमचं शहर. खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. मग दुसरी नोंद. उत्तर आलं, शून्य नोंदी बदलल्या. अर्ज मागे घेतलेला असेल तरच असं होतं.

"त्या सिस्टरनी अर्ज मागे घेतला का हो?" मी समोरच्या हेडक्लार्कबाईंना विचारलं.

"सकाळीच. सासरे अंथरुणाला खिळलेत. तुम्हाला कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून गप्प बसले."

मला संताप आला. सासऱ्यांचा, बाईंचा, सगळ्यांचा. मी कमिट टाइप केलं. चूक कुणाच्या लक्षात यायला महिना सहज गेला असता, तोवर बायको घरी आली असती. एंटर मात्र दाबवेना, आणि लिहिलेलं पुसवेना. सगळे जेवायला गेले, मी तसाच स्क्रीनकडे बघत बसलो.

फोन वाजला. बायकोच होती.

"अरे, तुमचं ते सॉफ्टवेअर मेलंय का? रजेचा अर्ज टाकतेय, अर्धा तास नुसतं गोल गोल फिरतंय."

"रजा कशाला? बदली होतेय ना?"

"बदली काय, तुझ्या तोंडून माझी तीनदा झालीय. लेकीला रविवारचा शब्द दिलाय मी."

मी कपाळावर हात मारला. रजा तिच्या त्याच नोंदीत लिहिली जाते, आणि माझं ट्रान्झॅक्शन उघडं असेपर्यंत त्या नोंदीला दुसऱ्या कुणाला हात लावता येत नाही. तिला घरी आणायच्या नादात मीच तिची वाट अडवून बसलो होतो. कमिटनंही ती नोंद मोकळी झाली असती. पण मी तो शब्द पुसला, रोलबॅक लिहिलं आणि एंटर दाबलं.

"गेला बाई एकदाचा!" ती म्हणाली. "आणि बदलीचं काय?"

"नाही झाली. त्या सिस्टरनी अर्ज मागे घेतला."

तिच्या मागे कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"दोन दिवस टाकलेत," ती म्हणाली. "चार टाकणार होते, पण माझ्यामागे इथे दवाखाना बघायला कुणीच नाही रे."