नावाडणीचं कपाळ

सुनेत्राच्या सासूबाई, प्रभावतीबाई, जपानात ओजिमाला आल्या आणि त्यांनी खिडकीशी जी बैठक मारली ती मारलीच. सासरे जाऊन वर्ष झालं होतं. मुलगा म्हणाला, चला जपानला, तेवढाच बदल. बदल कसला डोंबलाचा! जेवा म्हटलं की जेवायच्या, झोपा म्हटलं की झोपायच्या. एकेकाळी भाजीवाल्यापासून भटजीपर्यंत सगळ्यांशी हुज्जत घालणारी ही बाई अशी मिटून गेलेली बघून सुनेत्राचा जीव तुटायचा.

सुनेत्रा मोरिता-सानच्या शिवणाच्या दुकानात अर्धवेळ कामाला जायची. जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावाचे पाहुणे शनिवारी येणार होते आणि स्वागताला त्यांच्याच गावाचा झेंडा हवा होता; ते काम दुकानाकडे आलं होतं. वर निळा, खाली पांढरा, मधोमध गावाचं मानचिन्ह : एक ढाल, ढालीवर नाव आणि नावेत वल्हं धरून उभी असलेली बाई. कुणी नावाडीण होती म्हणे, पुरातून गाव वाचवणारी. आता भरतकामात सासूबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. सुनेत्राने मोरिता-सानला विचारून ढालीचं कापड आणि नमुन्याचा फोटो घरी आणला नि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवला.

आणि काय सांगू! बाई कामाला लागल्या. "हा निळा नको गं, तो दे." "या नावाडणीला पोटभर जेवायला घालत नाहीत का?" घरात पुन्हा बोलणं सुरू झालं. सुनेत्रा स्वयंपाकघरात उभी राहून नुसती ऐकत राहायची.

शुक्रवारी ढाल तयार झाली. सुनेत्रा बघते तर काय, नावाडणीच्या कपाळावर लालभडक कुंकू!

"आई, हे काय?"

"अगं, एवढी गाव तारणारी बाई आणि कपाळ उघडं? मला बघवेना."

मोरिता-सानचा खाक्या एकच. नमुन्यात आहे तेच, एक टाका जास्त नाही की कमी नाही. कुंकू उसवायलाच हवं होतं. पण सांगायचं कसं? आत्ता कुठे माणसात आल्या होत्या. पुन्हा खिडकीशी जाऊन बसल्या तर? सुनेत्राने उगाच दोनदा चहा टाकला. शेवटी जवळ जाऊन बसली.

"आई, ते उसवावं लागेल हो. त्यांच्याकडे कुंकू नसतंच."

"म्हणजे हिचा नवरा..."

"असेल, नसेल. तिथे कुणी विचारत नाही. तिने गाव वाचवलं, म्हणून ती झेंड्यावर आहे."

प्रभावतीबाईंनी कात्री उचलली, एकेक टाका उसवला आणि त्या मोकळ्या कपाळावरून अंगठा फिरवला.

"अशीही छानच दिसते की," त्या म्हणाल्या. "सुनेत्रा, हिने नाही लावलं तर हिचं काही अडलं नाही. मग मी लावलं तर कुणाचं काय अडणार आहे?"

सुनेत्रा धावत जाऊन टिकल्यांचं पाकीट घेऊन आली आणि त्यातली एक बारीकशी काळी टिकली तिने पुढे केली.

सासूबाईंनी डोळे वटारले. "अगं, ही काय मुंगीएवढी? मोठी दे. लाल."