दहावर थांबलेला काटा

मी व्होल्टचा काटा बोलतोय. तळहाताएवढी गोल काच, आत पांढरी तबकडी, तिच्यावर शून्यापासून सोळापर्यंत आकडे. मोटारीत वीज किती आहे ते सांगायचं, एवढंच माझं काम. आजवर पुष्कळ सांगून झालं. आता थकलोय.

माझा जन्म लढाईसाठी झाला. परदेशातल्या एका कारखान्यात कुणा बाईने चिमट्याने माझी केसासारखी बारीक स्प्रिंग बसवली आणि मला लष्करी ट्रकात जडवलं. लढाई संपल्यावर तो ट्रक लिलावात निघाला. समुद्रपूरच्या बंडूजींनी तो घेतला, त्यावर लाकडी बॉडी चढवली, आत बाकं ठोकली. १९५१ पासून आमची मोटार गिरड ते हिंगणघाट धावू लागली.

ड्रायव्हर होता प्रेमदास. दर मैलाला त्याची नजर एकदा माझ्यावर यायची. बाकी कुणी माझ्याकडे पाहत नसे. लोकांना हॉर्न आवडतो. काटा कोण बघतो?

त्या वर्षी पोळ्यानंतर मी खाली उतरू लागलो. एरवी इंजिन चालू असताना मी चौदाच्या आसपास असायचो. आता बारावर, मग साडेअकरावर. प्रेमदासने मालकांना बोलावून दाखवलं.

“मालक, डायनामो गेला वाटते.”

“काऊन? मोटार तं चालून राह्यली.”

“बॅटरीवर चालून राह्यली. बॅटरी म्हणजे माठ समजा. डायनामो त्यात पाणी भरते. आता भरणारं कोणी नाई, आपण नुसते उपसून राह्यलो. हे पाहा, इंजन तेज केलं तरी काटा वर जात नाई.”

“काटाच बिघडला असन. लोकायले उगाच भेव नको दाखवू.”

एवढं बोलून बंडूजींनी केळझरहून आणलेला गणपतीचा फोटो माझ्या काचेवर चिकटवला. आठ दिवस मी त्या फोटोमागे खरं सांगत राहिलो. ऐकणारं कुणी नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी गिरडच्या थांब्यावर चार माणसांनी कवडूला उचलून आणलं. जंगलात लाकूड तोडताना कुऱ्हाड त्याच्या पिंढरीत बसली होती. बायको जिजाने लुगड्याचा पदर फाडून घट्ट बांधला होता, तरी रक्त थांबत नव्हतं. ती त्याच्याशी त्यांच्या बोलीत सारखं बोलत होती, त्याने डोळे मिटू नयेत म्हणून.

“हिंगणघाटले नेजो भाऊ,” एवढंच ती प्रेमदासला म्हणाली.

प्रेमदासने फोटो हळूच सोडवला, कपाळाला लावला आणि खिशात ठेवला. मी अकरावर होतो. त्या दिवशी बंडूजीही शेजारी बसले होते.

वाटेतल्या नाल्यात दोन बैलगाड्या चिखलात रुतल्या होत्या. थांबावं लागलं. इंजिन तापून वाफ निघू लागली, तसे बंडूजी घाबरले. “जळन ना इंजन!” म्हणत त्यांनी चावी फिरवली.

“मालक!” प्रेमदास ओरडला. तोवर सारं शांत झालं होतं.

त्याने स्टार्टरचं बटण दाबलं. मी धाडकन पाचावर पडलो. बटण सोडलं, तसा चढत दहावर आलो. पुन्हा दाबलं, पुन्हा पाच. मागे जिजाचं बोलणं थांबलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला खोटं बोलावंसं वाटलं.

प्रेमदास माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “स्टार्टरपुरती वीज नाई. पण दहा आहे, ठिणगीपुरती आहे. कोणी ओढलं तं गाडी सुरू होते.”

गाडीवानांनी बैल सोडले, उतारूंनी रुतलेल्या गाड्या बाजूला सारल्या. दोन जोड्या दोराने मोटारीला जुंपल्या. उतारू मागून रेटू लागले. आणि बंडूजी? धोतर खोचून गुडघाभर चिखलात उतरले, चाकाला खांदा लावला. “चुकलं माह्यं,” ते स्वतःशीच पुटपुटले, पण मी ऐकलं. मोटार दहा हात सरकली, प्रेमदासने क्लच सोडला आणि इंजिनाने एकदा खोकून दम धरला.

हिंगणघाटपर्यंत त्याने हॉर्न वाजवला नाही, इंजिन बंद केलं नाही. दवाखान्याच्या फाटकात मी आठावर होतो. कवडूला आत नेलं, तेवढ्यात इंजिन आपोआप विझलं.

कवडूचा पाय वाचला, थोडा लंगडतो. दिवाळीनंतर जिजा चारोळीची पुडी घेऊन थांब्यावर आली. “तो काटा कोनता?” तिने विचारलं. प्रेमदासने दाखवला. तिने काचेवर बोट टेकवलं, मग पुडी प्रेमदासच्या हातात ठेवली.

डायनामो बदलला गेला. पुढे सरकारी बस आली, आमची मोटार मोडीत निघाली. प्रेमदासने मला मात्र काढून घेतलं. समुद्रपुरात निंबाखाली त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे एका फळीवर, दोन वायरी लावून, मी लोकांच्या बॅटऱ्या तपासतो.

पण आता माझीच स्प्रिंग गंजून आखडलीय. मी अर्धा व्होल्ट कमी दाखवतो. प्रेमदासला ते ठाऊक आहे; तो मनात अर्धा मिळवून घेतो. उद्या एक मिळवावा लागेल, परवा किती ते मलाही सांगता येणार नाही.

प्रेमदास, माझ्या शब्दावर तू एकदा माणूस वाचवलास. म्हणूनच सांगतो, आता या फळीवर दुसरा काटा बसव. आणि माझ्या वायरी सोड.