दीड लाखवाली

रुतिकाने एकाच ब्लाउजचा हूक तिसऱ्यांदा उसवला. हूक पहिल्यांदाच नीट बसला होता. पण हात मोकळे राहिले की ते मोबाइलकडे जात होते, आणि मोबाइलमध्ये नणंदेचा, सुचिताचा, सकाळचा मेसेज होता : ‘वहिनी, राजीनामा लिहून झाला. जेवायला येतेय. तू एकदा वाच, मग उद्या पाठवते.’ त्यापुढे तीन फुलं आणि एक नाचणारी बाई.

तिने नाचणाऱ्या बाईकडे पाहिलं, मोबाइल पालथा ठेवला आणि हूक पुन्हा लावायला घेतला.

सानपाडा गावातल्या चार मजली घराच्या तळमजल्यावर तिचं बुटीक होतं. घर सासऱ्यांचं, गाळा सासऱ्यांचा. बोर्डावरचं नाव तेवढं तिचं. गाळ्याचं भाडं ती देत नव्हती, कारण सून भाडं देत नाही. पण सासऱ्यांना, म्हणजे दादूंना, त्या न येणाऱ्या भाड्याचा आकडा पाठ होता. रस्त्यापलीकडचा चष्मेवाला त्याच गाळ्याला पस्तीस हजार द्यायला तयार होता, आणि ही गोष्ट तो दर सणाला मिठाईसोबत घरी येऊन सांगत होता.

सगळं बिघडलं ते त्या रीलमुळे. मितेश नावाचा एक रीलवाला माईक घेऊन दुकानात शिरला होता. “मॅडम, फॅशनच्या धंद्यात महिन्याला किती कमावता?” हळदींचा सीझन होता. गावात हळद म्हणजे अख्ख्या भावकीला एक रंग, एक प्रिंट. बायकांना साड्या, पुरुषांना शर्ट आणि उरलेल्या तुकड्यांतून पाळण्यातल्या बाळाला झबलं. त्या महिन्यात तिच्याकडे तीन घरांच्या हळदी होत्या. तिने गल्ला आठवला आणि सांगून टाकला, “दीड लाख.” गल्ला वेगळा आणि कमाई वेगळी, हे सांगायला तिने तोंड उघडलं तोवर मितेश थँक्यू म्हणून कोपऱ्यावरच्या केकवाल्याकडे गेला होता.

तिने ते नंतर घरी सांगितलंही असतं. पण रील आलं त्या संध्याकाळी दादू पहिल्यांदाच तिच्या दुकानात चप्पल बाहेर काढून आले. चप्पल काढून आलेल्या सासऱ्याला खरं सांगणं जमलं नाही.

खरं असं होतं की कापड, ते रंगवणारा डायवाला, कटिंग मास्टर, कारागीर आणि ‘लग्न झाल्यावर बघू’ म्हणणारे नातेवाईक वजा केले की चांगल्या महिन्यात वीसेक हजार उरत. एका मावससासूने तर हळदीत नेसलेली साडी, डागासकट, परत आणली होती. फोटोत ती जाड दिसते म्हणून. रुतिकाने ती घेतलीही. भावकीला नाही म्हणायचं तर पुढच्या हळदीला कोण येणार?

म्हणजे खरं सांगितलं तर गाळा चष्मेवाल्याकडे जाणार. आणि नाही सांगितलं तर ते दीड लाख ऐकून असंच दुकान टाकायला निघालेल्या सुचिताची नोकरी जाणार. सुचिताच्या जुईनगरच्या फ्लॅटचा हप्ता त्याच पगारातून जात होता.

“वहिनी!” सुचिता दारातूनच ओरडली. “हे वाच. ‘पर्सनल रीझन’ लिहिलंय. ‘बिझनेस’ लिहिलं तर साहेबाची जळेल.”

“थोडं थांब ना गं. कंपनी कुठं पळतेय?”

“कंपनी नाय, मी पळतेय. तुर्भ्याला डिस्पॅचमध्ये ट्रकवाल्यांशी भांडून अठ्ठावीस हजार. आणि तू इथं एसीत बसून दीड लाख!”

एसी बंद होता. तो फक्त रीलपुरता लावला होता.

“पण पीएफ आहे, मेडिकल आहे,” रुतिका म्हणाली.

“तुझा आहे का पीएफ?”

“नाही. तेच तर सांगतेय.”

“मग? काय अडलंय तुझं?” सुचिताने कापडाच्या ठाणावरून हात फिरवला. “आणि बाबा शेजारचा गाळा मला देतो बोललेत. दोघी शेजारी-शेजारी. नुसती धमाल.”

रुतिकाने हूकवाला ब्लाउज घडी घालून ठेवला, मग घडी मोडून हँगरला लावला. वरून सासूबाईंची, गोजराची, जेवणाची हाक आली, तेव्हा ती ब्लाउज पुन्हा घडी घालत होती.

जेवायला खाडीतला जिताडा मासा होता. रील येईपर्यंत जिताड्याचं डोकं दादूंच्या ताटात पडत असे. रील आल्यापासून दादू ते स्वतःच्या हाताने सुनेच्या ताटात वाढत. आजही वाढलं. डोळ्यासकट.

रुतिका पाणी प्यायली. पुन्हा प्यायली. मग ताटाकडे बघतच म्हणाली, “बाबा, मला दीड लाख सुटत नाहीत.”

प्रणयचा घास थांबला. त्याला खरा आकडा माहीत होता. त्यामुळे नवरा म्हणून त्याने त्या क्षणी आईकडे आणखी भात मागितला.

“मंग किती?” दादूंनी विचारलं.

“वीस. तेही चांगल्या महिन्यात. एरवी दहा-बारा. धंदाच नाही हो, बाबा. कापड महाग झालंय, कारागीर टिकत नाहीत, लोक पैसे थकवतात.”

सुचिता वहिनीकडे बघत होती, गोजरा दादूंकडे. रुतिकाच्या मनात चष्मेवाल्याने एव्हाना काचेची कपाटंही लावून टाकली होती. पण का कोण जाणे, दीड महिन्यात पहिल्यांदाच तिला भूक लागल्यासारखं वाटलं.

दादूंनी बोटं चाटली. मग त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“गोजरे, आयकलास?”

“आयकला.”

“कोनाची आठवन झाली?”

“जयप्रकाशची,” गोजरा म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली.

जयप्रकाश फरसाणवाला हा दादूंचा सगळ्यात जुना भाडेकरू. दर एक तारखेला तो डोळ्यांत पाणी आणून हीच तीन वाक्यं याच क्रमाने म्हणायचा. फक्त कापडाच्या जागी बेसन. असं रडत रडत त्याने खारघरला दोन फ्लॅट घेतले आणि तिसऱ्याच्या वास्तुशांतीला दादूंना आग्रहाचं बोलावणं केलं.

“सुनबाई, तू आता खरी धंद्यावाली झालीस,” दादू म्हणाले. “मोबाइलमदी दीड लाख बोललीस ना, तवा मना भ्या वाटला. बोललो, पोर येडी हाय, उद्या सगला गाव उसनं मागाला येल. आज जीव थंड झाला.”

“बाबा, अहो खरंच सांगतेय! हे बघा, खात्यात काय आहे ते.”

तिने मोबाइल समोर धरला. दादूंनी मान मागे नेऊन, डोळे बारीक करून आकडा वाचला. आठ हजारांच्या आसपास होता. त्यांनी आदराने मान डोलावली.

“बराबर केलास. खात्यात कोन ठेवतंय?”

“प्रणय, तू तरी सांग ना!”

“वीसच सुटतात, बाबा,” प्रणय म्हणाला.

“सांगनारच तू. बायकोनं पढवलाय ना!” दादूंनी त्याच्या पाठीवर डाव्या हाताने थाप मारली. आपला मुलगा बायकोचं ऐकतो याचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच आनंद झाला असावा. “त्या चष्मेवाल्याला सांग, मिठाई आनू नको. गाला काय रिकामा व्हायचा नाय.”

सुचिता मात्र हसत नव्हती. तिचा कालवलेला भात तसाच होता.

“मी तुझ्या शेजारी यायला नको असेल, तर सरळ सांगायचंस, वहिनी,” ती हळू आवाजात म्हणाली. “माझ्याशी कशाला जयप्रकाशगिरी?”

“सुचिता, देवाशप्पथ...”

“देवाला कशाला आणतेस मध्ये? त्याला माहितीय तुझा आकडा.”

तिने डाव्या हाताने मोबाइल ओढला आणि अंगठ्याने एकदाच दाबलं. बारीक फुर्र असा आवाज झाला.

“गेला राजीनामा,” ती म्हणाली. “रविवार हाय, पण साहेब बघतो.”

गोजराने तिच्या पानात जिताड्याचा मोठा तुकडा वाढला.

जेवणं झाल्यावर दादू आडवे झाले. रुतिकाने ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला आणि खाली आली. शटर अर्धं वर होतं. आत सुचिता एकटीच उभी होती. एका हळदीचं पिवळं कापड तिने खांद्यावर टाकून पाहिलं होतं आणि आरशात ती स्वतःकडे बघत होती. मालकीण बघेल तशी नाही. पहिल्या दिवशी कामावर आलेली बाई बघेल, तशी. घाबरून.

रुतिका दारात थांबली. उद्यापासून सुचिताला पगार नव्हता, आणि हप्ता होता. शेजारचा गाळा लावायचा म्हणजे आधी फर्निचर, मग मशिनी, मग भावकी.

तिने ड्रॉवर उघडून दुकानाची दुसरी किल्ली काढली आणि सुचिताच्या हातात ठेवली.

“वेगळं दुकान नको टाकूस,” ती म्हणाली. “इथंच ये. बोर्डावर तुझंही नाव टाकू. जे काही येईल त्यात अर्धं तुझं.”

सुचिताने खांद्यावरचं कापड काढलं. किल्ली उलटसुलट केली. मग कपाटातल्या साड्यांकडे, मशिनींकडे आणि वर एसीकडे तिने सावकाश, एकेक करून बघून घेतलं.

“अर्धंच?” ती म्हणाली.