शेठ वाळूत आहे

इस्पितळाच्या लॉन्ड्रीत तिला सगळे मावशी म्हणायचे. मोठ्या डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्या जगाची ती मावशी, आणि सख्खी भाची मात्र एकही नाही. पोटचा एकच लेक होता. तापाचं निमित्त झालं आणि आठवड्याभरात तो गेला. मागे उरल्या दोन खोल्या, सून, आणि काचेच्या लहानशा टाकीतली वाम.

वाम लेकानेच आणली होती. प्लास्टिकच्या पिशवीत वळवळणारी, पेन्सिलीएवढी. माशाच्या नावाखाली घरात साप घातलास, असं मावशी तेव्हा म्हणाली होती. पण हा प्राणी अगदीच गरीब निघाला. दिवसभर वाळूत अंग पुरून पडायचा; फार तर नाकाचं टोक वर. दिवा मालवला की बाहेर यायचा, आयतं गिळायचा आणि पुन्हा वाळूत. लोळायचं, खायचं आणि कुणाशी बोलायचं नाही, म्हणून लेकाने त्याचं नाव ठेवलं शेठ. तेव्हापासून घरात कुणी त्या वामेला 'ती' म्हटलं नाही.

लेक गेल्यावर टाकीचं सगळं सुनेने अंगावर घेतलं. नळीने जुनं पाणी ओढायचं, हिरव्या बादलीत आदल्या दिवसापासून ठेवलेलं पाणी घालायचं, काच पुसायची, कोळंबीचे बारीक तुकडे टाकायचे. मावशीला त्या बुळबुळीत अंगाची शिसारी होती, तरी ती स्टूल ओढून जवळ बसायची. दोघी लेकाबद्दल कधी बोलायच्या नाहीत. शेठबद्दल मात्र तास-तास बोलायच्या.

सुनेचं वय काही फार नव्हतं. आपल्यामागे ही पोर भिंतींशी बोलत म्हातारी होईल, या विचाराने मावशीची झोप उडाली. मग तिनेच पुढाकार घेतला, स्थळ शोधलं, हो-नाही करणाऱ्या सुनेला रागावून तयार केलं आणि लग्न लावून दिलं. लोकांनी तोंडभरून कौतुक केलं. अशी सासू शोधून सापडायची नाही, म्हणाले. मावशीलाही ते तेव्हा पटलं होतं.

सुनेचा नवा नवरा खिडक्यांना काचा बसवायचा. शांत, कामसू. त्याला काय म्हणावं हेच मावशीला कळेना. मुलीचा नवरा तो जावई, सुनेचा नवरा तो आपला लेक. हा तर दोन्हीही नव्हता. शेवटी ती त्याला 'पाहुणे' म्हणू लागली, आणि तोही बिचारा त्या हाकेला ओ देऊ लागला.

शेठला न्यायला नव्या घरी जागा नव्हती. सून म्हणाली, राहू दे इथेच, मी दर रविवारी येऊन बघत जाईन. आणि ती यायची. पदर खोचून टाकीशी उभी राहायची, मावशी बादली उचलून द्यायची, सून ओरडायची, आई, कंबर सांभाळा. दुपार कशी सरायची ते कळायचं नाही. पुढे एखादा रविवार चुकू लागला. मग दोन. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, कधी नुसतीच दमणूक. मावशी म्हणायची, अगं असू दे, संसार आहे. फोन ठेवला की टाकीकडे बघत बसायची.

असाच सुनेचा बराच खाडा पडला तेव्हा टाकीतलं पाणी खाली गेलं. पोरीला येऊन उगाच कष्ट नकोत, आपणच भरून ठेवू, असं मावशीच्या मनात आलं. हिरवी बादली कुठे गेली ती दिसेना. तिने आपली बादली घेतली. लॉन्ड्रीतले एप्रन ती त्याच बादलीत ब्लीच घालून भिजवायची. विसळली होती तिने, पण वरवरच.

सकाळी शेठ वाळूवर आडवा पडला होता.

मावशीने त्याला आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं. कोपरापासून मनगटापर्यंत भरेल एवढा झाला होता तो, आणि वाटला होता त्यापेक्षा जड. इमारतीमागच्या नळाजवळ तिने त्याला पुरलं. ड्यूटीला उशीर झाला म्हणून बोलणी खाल्ली.

संध्याकाळी फोन आला. सून म्हणाली, खूप दिवस झाले, या रविवारी नक्की येते, शेठचं पाणी बदलायचंय. शेठ बरा आहे ना?

सांगायचं म्हणून मावशीने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून निघालं, "हो. वाळूत आहे."

रविवारच्या आत ती मासेवाल्याच्या दुकानात जाऊन आली. त्याच्याकडे सगळ्या वामा बोटभर लांबीच्या. मोठी हवी असेल तर लहान न्या आणि वाट बघा, तो म्हणाला. मावशी रिकाम्या हाताने परतली.

सून आली, नळी लावली, पाणी बदललं, कोळंबी टाकली. वाळूकडे बघून म्हणाली, लपलाय लबाड. ती गेल्यावर मावशीने चमच्याने ते तुकडे काढून फेकले, पाणी नासू नये म्हणून. पुढच्या वेळी सुनेने विचारलं, खातोय ना? मावशी म्हणाली, खातोय की, पहिल्यापेक्षा जास्तच. एक खोटं निभवायला दहा बोलावी लागतात म्हणतात, पण मावशीला ती जड गेली नाहीत. उलट ती फोनवर रंगून सांगू लागली: शेठने काल फिल्टरला धडक दिली, शेठ वाळू उधळत होता, मला बघून डोकं वर काढलं. पलीकडून सून हसायची. कधी कधी मावशी स्वतःच विसरायची, आणि दिवा मालवून अंधारात टाकीशी वाट बघत थांबायची.

एका रविवारी सून पाहुण्यांना घेऊन आली. दोघांच्याही चेहऱ्यावर काहीतरी लपवल्याचा आनंद होता. पाहुण्यांनी उरलेल्या काचा जमवून स्वतःच्या हाताने मोठी टाकी बनवली होती. नव्या घरी खिडकीखाली मांडली होती, वाळूसुद्धा घातली होती.

"तुमच्या मागची कटकट जाईल आई," सून म्हणाली. "आणि त्यालाही जरा हातपाय पसरता येतील."

"त्याला कुठले आले हातपाय," पाहुणे म्हणाले आणि आपल्याच विनोदावर लाजले.

मावशी म्हणाली, आज नको, त्याला बरं नाही. सून म्हणाली, मग तर आजच बघायला हवं. मावशी चहा टाकायला आत गेली. शब्द जुळवत होती, पण जुळत नव्हते. बाहेर पाणी उपसल्याचा आवाज येत होता. त्याच्या पाठीला काटे असतात, हळू, असं सून नवऱ्याला सांगत होती. मग ओंजळीने वाळू बाजूला सारल्याचा आवाज. एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. मग पुन्हा पहिल्या. मग काहीच नाही.

सून स्वयंपाकघराच्या दारात आली. हात कोपरापर्यंत ओल्या वाळूने भरले होते.

"कधी?"

मावशीने सांगितलं. बादलीचंही सांगितलं. चहा उतू जाऊन गॅस विझला. तो बंद करायचंही दोघींना सुचलं नाही. पाहुण्यांनी येऊन बटण फिरवलं आणि ते खाली मान घालून जिन्यात जाऊन उभे राहिले.

"एवढे दिवस मी रिकाम्या टाकीत खाणं टाकत होते," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "मी त्याच्यासाठी येत होते असं वाटलं तुम्हाला?"

"मग कुणासाठी, पोरी?"

मावशीला टोमणा मारायचा नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. सून खोटं बोलणाऱ्यांतली नव्हती. तिने उत्तर शोधलं. शोधताना मावशीला दिसली ती. आणि मग ती रडू लागली. कुणासाठी ते मावशीला विचारवेना.

जाताना सून पाया पडली, येते म्हणाली. पाहुण्यांनी वाळू धुऊन, टाकी कोरडी करून ठेवली.

सून त्यानंतर एकदा आली. खुर्चीच्या कडेवर बसली. तब्येतीचं विचारून झालं, उन्हाचं बोलून झालं. हातांना काही काम नव्हतं. दोघी आपापल्या बोटांकडे बघत होत्या. दिवस गेलेत, असं तिने निघताना सांगितलं. मावशीने तिच्या तोंडावरून हात फिरवला, छान झालं म्हणाली, आणि ते खरोखर छानच होतं. पण त्या बाळाची मी कोण, हे काही तिला ठरवता आलं नाही. पुढे फोन येत राहिले, मग सणासुदीपुरते उरले, मग तेही सुनेच्या लक्षात राहिले तर.

मावशीने लॉन्ड्रीत रविवारची ड्यूटी मागून घेतली. कुणालाच ती नको असायची, त्यामुळे सुपरवायझर खूश झाला.

"तुमचं बरं आहे मावशी," तो म्हणाला. "घरी अडवणारं कुणी नाही."

"हो, बरं आहे," मावशी म्हणाली, आणि गाड्यावरची पुढची चादर ओढून घेतली.