नऊशे सत्त्याण्णवावा दिवस

फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला निळी पाटी होती. वर लिहिलेलं 'अपघाताविना दिवस' आणि खाली खिळ्यांना अडकवलेले पत्र्याचे तीन आकडे. त्या मंगळवारी सकाळी आठ वाजता पाटीवर नऊशे सत्त्याण्णव झाले. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत अशा पाट्या पैशाला पासरी मिळतील. आकडा टांगला की माणसांचे हातपाय आपोआप शाबूत राहतात, अशी साहेबलोकांची गोड समजूत असते. पण या कंपनीतला आकडा साहेब बदलत नसत. कॅन भरायच्या लाइनीवरच्या बावीस बायका तो बदलत, रोज एक जण, आळीपाळीने. ही रीत मेघालीने घातली होती.

मेघाली सावे चिंचणीची. घरची चिकूची वाडी, पण चार भावंडांत वाटून तिच्या वाट्याला आली ती फक्त सावली. बारावीनंतर ती या कंपनीत हेल्पर म्हणून लागली आणि नऊ वर्षांत लाइन लीडर झाली. कंपनी हॉटेलांना लागणारं धुण्याचं द्रव बनवायची, कॉस्टिक घातलेलं. कातडीवर उडालं तर चरचरायचं, डोळ्यात गेलं तर विचारायलाच नको. आधीचा सुपरवायझर आयमाय काढून काम करून घ्यायचा. मेघाली प्रत्येकीला नावाने हाक मारायची. कुणाचं पोर तापाने फणफणलंय, कुणाचा नवरा पिऊन आलाय, सगळं तिला ठाऊक असायचं. कंपनीने तिला पालघरच्या एका हॉटेलात दोन दिवसांच्या नेतृत्व शिबिराला धाडलं. तिथे माणसं जेवायला जातात आणि झोप काढून येतात. हिने मात्र तिथलं प्रत्येक वाक्य खरं मानलं.

परत आली ती थेट शैलेश सरांच्या केबिनमध्ये, म्हणजे मॅनेजरकडे. चार महिने तिने त्यांच्या मागे लकडा लावला आणि शेवटी सहीचा कागद मिळवला. हजार दिवस अपघाताविना गेले, तर लाइनीवरच्या बावीसही बायका परमनंट. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं. तिनेही घेऊ दिलं, खोटं कशाला बोला.

परमनंट म्हणजे काय, ते ज्याचा पगार दर महिन्याला सुखाने खात्यात पडतो त्याला कळायचं नाही. कॉन्ट्रॅक्टवरच्या बाईला उद्यापासून येऊ नको म्हणायला कारण लागत नाही. ती बाळंतपणाला गेली की तिची जागाही जाते. लाइनीवरची प्रेमला चार महिन्यांची पोटुशी होती आणि तिचा जीव त्या उरलेल्या तीन दिवसांत अडकला होता. पाटीवर चौथ्या आकड्याला खिळाच नाही, हे तिनेच मेघालीच्या ध्यानात आणून दिलं होतं. मेघालीने हसत हसत खिळा ठोकून घेतला होता.

अकराचा चहा झाल्यावर मेघाली लाइनीवर आली, तर तिसऱ्या नळीपाशी पुष्पलताच्या जागी प्रेमला उभी. पुष्पलता कुठेय, असं मेघालीने विचारलं. तिच्या पोटात दुखतंय, असं प्रेमला कॅनकडे बघत म्हणाली. गोळीबिळी हवी का ते विचारावं, म्हणून मेघाली बायकांच्या बाथरूमकडे गेली आणि तिने दार उघडलं.

पुष्पलता उपड्या बादलीवर मान मागे टाकून बसली होती. लाइनीवरची सगळ्यांत जुनी बाई इंदुबाई प्यायच्या पाण्याच्या बाटलीने तिच्या डोळ्यावर धार धरत होती. उजवा डोळा सुजून मिटला होता आणि फटीतून दिसत होता तेवढा लालभडक होता.

"काय नाय ताई," पुष्पलता म्हणाली. "थेंब उडला नुसता."

झालं होतं एवढंच. वाफेने गॉगल धुरकटला, पुष्पलताने तो क्षणभर कपाळावर सरकवला आणि नेमकं तेव्हाच नळीतून द्रव फुसकन उडालं.

डोळे धुवायचा फवारा बाहेर, दारापासून दहा पावलांवर होता. दांडा ओढला की दोन्ही बाजूंनी पाण्याच्या धारा सुटतात आणि तिकडे सेफ्टी ऑफिसात घंटा वाजते. घंटा वाजली की नोंद होते, आणि नोंद झाली की पाटीवर शून्य. हे बायकांना पाठ होतं, कारण मेघालीनेच ते शिकवलं होतं. कॉस्टिक डोळ्यात गेलं तर पहिली मिनिटं सोन्याची, क्षणाचाही उशीर नको, हेही तिनेच शिकवलं होतं. दोन्ही गोष्टी तिला त्या दारात एकदमच आठवल्या.

"फार दुखतंय का गं?" तिने विचारलं. उत्तर 'नाही' यावं अशा आवाजात विचारलं.

"नाय."

मग असंच पाणी मारत राहा, जेवणाच्या सुट्टीत मी तुला रिक्षाने डॉक्टरकडे घेऊन जाते, असं मेघालीने सांगितलं आणि दार लावून घेतलं. हो, लावून घेतलं. सांगणाराने इथे पांघरूण घालायचं ठरवलं तर पुढची गोष्टच सांगू नये.

ती लाइनीवर येऊन उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते. तीन दिवस, तीनच दिवस, असं ती मनाशी म्हणत होती. कॅन भरत होते, झाकणं लागत होती. हळूहळू तिचं लक्ष इकडेतिकडे गेलं. तिसऱ्या नळीखालची फरशी पुसून कोरडी झाली होती. पुष्पलताचा गॉगल धुऊन खुंटीला लागला होता. पोटदुखीची गोळी घेतल्याची पुष्पलताच्या नावची नोंद औषधाच्या वहीत कुणीतरी करूनही टाकली होती. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. लाइनीवरची एकही मान वर करून तिच्याकडे बघत नव्हती.

एवढी सफाई पहिल्या खेपेला येत नाही. तवा चुलीवर चढवावा तितक्या सहज त्यांनी हे उरकलं होतं. म्हणजे हे आधीही झालं होतं. किती वेळा, कुणाला, ते मेघालीला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही याचाच तिला आधी राग आला. मग ती मनातून घाबरली. घड्याळात अकरा एकतीस झाले होते.

ती बाथरूमकडे धावत सुटली. तिने पुष्पलताचा दंड धरून तिला बादलीवरून ओढलं. पुष्पलता दातिवऱ्याची, मासळीच्या पाट्या वाहून दंड कमावलेली. तिने दाराची चौकट दोन्ही हातांनी गच्च धरली.

"नको ताई. तीनच दिवस हायत."

"डोळा जाईल तुझा. सोड."

"मला दुसरा हाय," पुष्पलता म्हणाली. "यांना दुसरं काय हाय?"

मेघालीने तिची बोटं एकेक करून सोडवली. लाइन थांबली होती, बायका वाटेत येऊन उभ्या राहिल्या होत्या. इंदुबाई बाजूला सरकली, बाकीच्याही सरकल्या. सरकली नाही ती प्रेमला. ती फवाऱ्याच्या दांड्याला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पोटावर धरून. बाजूला हो, असं मेघालीने दोनदा म्हटलं. मग तिने प्रेमलाच्या कमरेमागून हात घातला आणि दांडा ओढला.

पाणी तिघींच्या अंगावर आलं. तिकडे घंटा सुरू झाली. मेघालीने पुष्पलताचं डोकं धारेखाली दाबलं, अंगठ्यांनी पापण्या फाकवल्या आणि तेव्हा कुठे पुष्पलता किंचाळली. इतका वेळ तिने ब्रही काढला नव्हता. सेफ्टीची माणसं धावत आली, गाडी आली, तरी मेघालीचे अंगठे सुटेनात. मागे कुणीतरी हुंदके देत होतं. प्रेमला ओल्या साडीत तशीच उभी होती आणि म्हणत होती, "आमचं वाटोळं केलंस तू." ताई नाही, तुम्ही नाही. तू.

पालघरच्या दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं. उजेड कळेल, माणसाची सावली कळेल, चेहरा कळणार नाही, असं ते म्हणाले. फवाऱ्याखाली डोळा लागलीच धुतला असता तर बरंच वाचलं असतं, असंही म्हणाले.

दुपारी शैलेश सरांनी अहवालाचा कागद मेघालीपुढे सरकवला. कामगाराने गॉगल काढला, डोळा ताबडतोब धुतला, एवढंच लिहायला सांगितलं. माणूस वाईट नव्हता, त्यालाही वरच्यांना तोंड द्यायचं होतं. यात तुमचंही नाव स्वच्छ राहील, असं तो समजावत होता. मेघालीने लिहिलं ते असं, की मला अकरा वीसला कळलं आणि मी अकरा एकतीसपर्यंत काही केलं नाही. सरांनी ते दोनदा वाचलं. तुम्ही स्वतःच्या हाताने खड्डा खणलात, असं म्हणाले, आणि उद्यापासून लाइन लीडर दुसरं कुणी असेल, असंही.

संध्याकाळी ती पुष्पलताला भेटायला गेली. खाटेशेजारी पुष्पलताचा नवरा नवशा बसला होता. तिला बघताच तो उठून बाहेर गेला. पुष्पलताच्या उजव्या डोळ्यावर पट्टी होती. मेघाली खाटेच्या कडेला टेकली. मग पुष्पलताने विचारलं, "तुमी दार उघडलं, तवाच मला ओढत नेलं असतं तर?"

डॉक्टरांचं ते बोलणं पुष्पलताने ऐकलं नव्हतं. खोटं बोलायला वाव होता, आणि एका हताश क्षणी ते मेघालीच्या ओठांवर आलंही होतं.

"तर बहुतेक दिसलं असतं," ती म्हणाली.

पुष्पलताने तोंड भिंतीकडे फिरवलं. ती रडत असेल असं मेघालीला वाटलं. तिला स्वतःला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटत होतं. थोड्या वेळाने पुष्पलता तशीच, भिंतीकडे बघत बोलली. "मंग हे त्यांना पन सांगा. समद्यांच्या म्होरं. नायतर त्या मलाच शिव्या घालतील, गॉगल काढला म्हणून."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटीवर एकच शून्य लटकत होतं. बायका लाइनीशी उभ्या होत्या आणि मेघाली येऊन त्यांच्यासमोर उभी राहिली. भाषण कसं सुरू करायचं ते तिला शिबिरात शिकवलं होतं. त्यातलं तिला काही आठवलं नाही, हे एक बरं झालं.

"काल मी दार उघडलं होतं," ती म्हणाली. "तिचा डोळा बघितला आणि दार परत लावलं. अकरा मिनिटं मी इथे उभी राहून पाटी वाचवत होते. तिची चूक नाही. डोळा माझ्यामुळे गेला."

प्रेमला पाठ फिरवून निघून गेली. मेघालीला वाटलं, आता एकेक करून सगळ्याच जातील, आणि जाव्यात. मग मागच्या रांगेतल्या एकीने बाही वर केली. कोपराखाली कातडी तुकतुकीत गुलाबी झाली होती. "तीनशे चाळीसला," ती म्हणाली. तारीख नाही सांगितली, महिना नाही. त्या दिवशी पाटीवर काय होतं ते सांगितलं. दुसरीने सहाशे सात सांगितलं आणि घोट्यावरची भाजल्याच्या डागाची पट्टी दाखवली. तिसरी म्हणाली, "माजं दाखवण्यासारख्या जागी नाय. सातशे बारा."

मेघालीला ते सगळे दिवस आठवत होते. ते तिचे चांगले दिवस होते. "मला का नाही सांगितलं?" तिने विचारलं.

"तुमचं तोंड उतरलं असतं ना," इंदुबाई म्हणाली. "आमच्यासाठी येवढं धावता."

बोलता बोलता तिने उजव्या हाताचा मोजा काढायला घेतला. तो सहज निघेना. मग तिने तो ओढून काढला आणि हात उताणा केला. तळव्याची कातडी आवळून पांढरी पडली होती, सुरकुतलेली, मधोमधपासून करंगळीपर्यंत.

"पाचशे," ती म्हणाली.

पाचशेव्या दिवशी मेघालीने पदरच्या पैशाने पेढे वाटले होते. एकेकीपाशी जाऊन तिने स्वतःच्या हाताने दिले होते. इंदुबाईने डावा हात पुढे केला, तेव्हा मेघाली सगळ्यांसमोर हसली होती. मावशी, आजचा दिवस शुभ आहे, उजवा हात पुढे करा, असं म्हणाली होती. इंदुबाईने मोज्यासकट उजवा हात पुढे केला. मेघालीने त्यावर पेढा ठेवला आणि आपल्या दोन्ही हातांत धरून तो प्रेमाने, घट्ट दाबला होता.