इस्तारीची चक्कर

इस्तारीने दोन्ही हातांनी विजेचा खांब धरला, कपाळ खांबाला टेकवलं आणि डोळे गच्च मिटले. सकाळचे आठ वाजले होते. तलावाकडून येणारी वाट त्या खांबापाशीच गावात वळते, त्यामुळे इस्तारीला चक्कर आली हे गावाला कळायला फारसा वेळ लागला नाही.

"आली काय गा?" रामाजीने सायकल थांबवून विचारलं. रामाजी मच्छीमार संस्थेचा अध्यक्ष. आरमोरीची बस आली काय, असं विचारावं तसं त्याने विचारलं.

"आली," इस्तारी डोळे न उघडता म्हणाला.

"मोठी का लहान?"

"खांब सुटू दे, मंग सांगतो."

शेजारची सुगंधाबाई नळावरून येत होती. तिने पाण्याने भरलेला गुंड खाली ठेवला आणि नेहमीचं निदान सांगितलं, "गॅस हाय तो. पोटात दाबला का डोक्शात चढते."

"गॅस नाई, मान हाय," रामाजी म्हणाला. "माह्या साळ्याले असंच होतं."

"तुह्या साळ्याची मान अन यायचं पोट एक हाय काय?"

खांबाच्या एका बाजूला रामाजी, दुसऱ्या बाजूला सुगंधाबाई आणि मधे इस्तारी. वाद रंगला. येणारे-जाणारे थांबू लागले. कोणीतरी मागून ओरडलं, "खांब सोड बाप्पा, करंट असते त्यात!" त्यावर इस्तारीने खांब आणखी घट्ट धरला.

तेवढ्यात त्याची बायको कुंता डोक्यावर मासोळीची टोपली घेऊन आली. तिने टोपली खाली ठेवली. गर्दीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डोळे उघडा," ती हळूच म्हणाली. "त्या बाभळीच्या बुडाकडे पाहा. तिथंच पाहा. मान हालवू नका."

इस्तारीने पाहिलं. थोड्या वेळाने त्याचा एक हात सुटला, मग दुसरा. हिला हे कसं ठाऊक, असं कोणी विचारलं नाही. टोपलीत ताजे रोहू होते आणि सगळे एव्हाना तिकडे पाहत होते.

इस्तारीची चक्कर दोन वर्षांची झाली होती. ती कधी वाटेत यायची, कधी जेवताना, कधी लग्नाच्या मांडवात. पहिल्या डॉक्टरने ब्लडप्रेशर सांगितलं आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्याने मानेचा मणका सांगून गळ्याला पट्टा बांधला. पट्ट्यामुळे इस्तारीला खाली पाहता येईना, आणि खाली न पाहता जाळं सोडवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. म्हणून तो पट्टा फक्त पाहुण्यांकडे जाताना बांधायचा. तिसऱ्याने डोक्याचा फोटो काढायला नागपूरला पाठवलं. फोटोत मेंदू ठणठणीत निघाला. इस्तारीने तो रिपोर्ट लॅमिनेशन करून घेतला. डोकं ठीक असल्याचा कागद असलेला गावात तो एकटाच होता, आणि ग्रामसभेत वाद वाढला की तो ही गोष्ट काढायचा.

पण कागदाने चक्कर थांबेना. पावसाळ्यात एकदा तो तलावाच्या मधोमध डोंग्यात बसल्या जागी कलंडला. दुसऱ्या डोंग्यातल्यांनी त्याला पाण्यातून ओढून काढलं. त्यानंतर संस्थेने ठराव केला की, इस्तारीने डोंग्यात चढायचं नाही. त्याला काठावर बसून पाणकावळे हाकलायचं काम दिलं. चाळीस वर्षं ज्या पाण्यात काढली, त्याच्या काठावर बसून तो आता टाळ्या वाजवायचा. पाणकावळेही त्याला ओळखू लागले होते. टाळी वाजली की ते उडायचे आणि चार हातांवर जाऊन पुन्हा बसायचे.

त्याचा मुलगा देवानंद ऊर्जानगरला वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होता. खांबाची गोष्ट त्याला फोनवर कळली. तो म्हणाला, "बाबा, चंद्रपूरले एक मॅडम आल्या हाय. कान-नाक-घशाच्या. चक्करचे लोकं लय जाते त्यायच्याकडे. मी नंबर लावून राह्यलो. तुमी या."

"कानाचा काय संबंध?" इस्तारी म्हणाला. "मले आयकू येते चांगलं."

"या म्हणलं ना."

कुंता सोबत निघाली ती फाईल धरायला. दोन वर्षांचे कागद एका कापडी पिशवीत होते. गडचिरोली, मूल अशी गावं करत बस चंद्रपूरला पोचेपर्यंत इस्तारी डॉक्टरला काय सांगायचं त्याची मनात जुळवाजुळव करत होता. कुंता सबंध रस्ताभर समोरच्या सीटच्या दांड्याकडे एकटक पाहत बसली होती.

डॉक्टर दिव्यानी मडावी पस्तिशीच्या असतील. त्यांनी पिशवीतले कागद पाहिले, लॅमिनेशन केलेला रिपोर्ट दोन्ही बाजूंनी पाहिला आणि सगळं बाजूला सारलं.

"काका, कशी येते चक्कर?"

इस्तारी गडबडला. कधीपासून येते, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे त्याला दोन वर्षं सगळे विचारत होते. कशी येते, हे कोणी विचारलं नव्हतं.

"चक्कर म्हणजे जी... चक्करवानी."

"घर फिरतं, की तुम्हीच डुलता?"

इस्तारीने कुंताकडे पाहिलं. घरातली वस्तू सापडली नाही की तो असाच पाहायचा.

"घर फिरते," कुंता म्हणाली. "जात्यावानी. भिंत इकडून जाते अन पुन्हा इकडूनच येते."

"किती वेळ?"

"लय वेळ वाटते, पण तीस मोजले का थांबते."

"माही तर अर्धा-अर्धा घंटा राह्यते," इस्तारी म्हणाला. "अन फिरत नाई काही. डोंग्यात उभा राह्यल्यावानी वाटते."

डॉक्टरांनी दोन्ही लिहून घेतलं. "आणि कधी येते?"

"कूस बदलली का येते," कुंता म्हणाली. "फळीवरचा डबा काढाले वर पाह्यलं का येते. धानाचं रोवणं करताना खाली वाकून उठलं का हमखास."

"मी कधी रोवणं केलं वं?" इस्तारी म्हणाला.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "काकू, हे तुम्ही कोणाचं सांगताय?"

कुंताने पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "असंच. लोकायचं आयकलेलं."

"कोणत्या लोकांचं?"

कुंताने पदर सारखा केला. "यायची तपासणी करा ना जी. तीनची गाडी हाय आमची."

"त्यांची करतेच. तुम्हाला किती वर्षं झाली?"

ऊर्जानगरहून आलेला देवानंद भिंतीला टेकून उभा होता, तो सरळ झाला. कुंता टेबलाकडे पाहत म्हणाली, "डिंपलचं लग्न झालं त्या वर्षापासून."

"अकरा वर्षं?" देवानंद म्हणाला. डिंपल त्याची धाकटी बहीण.

"कोणत्या कुशीवर जास्त होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"उजव्या. म्हणून डाव्या कुशीवरच झोपणं होते. भिंतीकडे तोंड करून."

इस्तारीने मान वर केली. डिंपलच्या लग्नात त्याने कुंताची पाळलेली बकरी तिला न विचारता पाहुण्यांसाठी कापली होती. त्याच वर्षापासून कुंता त्याच्याकडे पाठ करून झोपू लागली. राग जावा म्हणून नंतर त्याने दोनदा बाजारातून बकरी आणली होती. तिने दोन्ही बकऱ्या गोठ्यात बांधल्या आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं होतं.

"मंग तो बकरीचा राग नोयता?" तो म्हणाला.

"कोणती बकरी?" कुंताने विचारलं.

देवानंदने तोंडावर हात धरला. डॉक्टरांना काही कळलं नाही, पण त्या थांबल्या.

"सांगतलं काऊन नाई मले?" इस्तारीचा आवाज जरा चढला.

"काय सांगू? रोवण्यात बांधावर जाऊन बसली, तं तुमीच बसकी म्हणाले. मंग अख्खं गाव बसकी म्हणाले लागलं." कुंता कोणावर रागावलेली दिसत नव्हती. "नाव पडलं तं पडलं. बसाले तरी भेटे."

बसकी हे नाव इस्तारीला सुचलं तेव्हा शेतातल्या सगळ्या बाया हसल्या होत्या, आणि घरी जाऊन त्याने ते पुन्हा एकदा देवानंदला ऐकवलं होतं. इस्तारी आपल्या चपलांकडे पाहू लागला.

डॉक्टरांनी कुंताला तपासायच्या टेबलावर बसवलं, तिची मान उजवीकडे वळवली आणि एकदम मागे झोपवलं. कुंताने टेबलाची कड पकडली. "डोळे उघडे ठेवा," डॉक्टर म्हणाल्या. "काका, इकडे या. हे पाहा."

इस्तारीने वाकून पाहिलं. कुंताची बुबुळं एका बाजूला झटके देत होती. जाळ्यात आलेली मासोळी फडफडते तशी. ती बोलत नव्हती, तिचे ओठ तेवढे हलत होते. ती मोजत होती.

तीसच्या आसपास डोळे शांत झाले.

"कानाच्या आत बारीक खडे असतात," डॉक्टर म्हणाल्या. "जागेवरून सरकले की असं होतं. मान एका ठरावीक पद्धतीनं फिरवली की बहुतेक वेळा जागेवर जातात. मी आता करून दाखवते. मग काही दिवस रोज सकाळी घरी करायचं. तीस मोजेपर्यंत डोकं दुसऱ्यानं धरावं लागेल."

त्यानंतर तासभर इस्तारीची तपासणी झाली. त्यालाही तसंच झोपवलं, डोळ्यांवर चष्मा चढवला, कानात आवाज सोडले, डोळे मिटून एका रेषेत चालायला लावलं. तो चांगला चालला. शेवटी डॉक्टर समोर बसल्या.

"काका, तुमची चक्कर खरी आहे. पण कशामुळे आहे, ते मला आज तरी सापडलं नाही."

इस्तारीने थोडा वेळ वाट पाहिली, पुढे काही येईल म्हणून. "हिले खडे अन मले काहीच नाई?"

"नाही."

"एखादा बारका बी नाई?"

"बाबा!" देवानंद म्हणाला.

"गळ्याचा पट्टा बांधू नका," डॉक्टर म्हणाल्या. "चक्कर आली की काय करत होता, किती वेळ राहिली, ते वहीत लिहा. तीन महिन्यांनी वही घेऊन या. आपण शोधत राहू."

"अन डोंगा?"

"एकट्यानं नाही. सोबत कोणी असेल तर बसा."

"सोबत मी बसीन," कुंता म्हणाली.

डॉक्टरांनी एकदा इस्तारीकडे पाहिलं, एकदा कुंताकडे. "दोघं एका डोंग्यात नको."

तीनची गाडी चुकली. चारच्या गाडीत इस्तारी मूलपर्यंत तो लॅमिनेशन केलेला रिपोर्ट मांडीवर घेऊन बसला. दोन वर्षं डॉक्टर त्याने पालथे घातले, फोटो त्याने काढला, आणि दुखण्याचं कारण मिळालं ते फाईल धरायला आलेल्या बाईला. मूलच्या स्टँडवर तो उतरला, दोन चहा घेऊन आला आणि खिडकीतून एक कुंताला दिला.

"फिरते काय वं आता?"

"नाई."

"फिरलं का सांगजो."

कुंताने चहाचा घोट घेतला आणि मान डोलावली. थोडीच, जपून.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी इस्तारीने तिची मान भलत्याच बाजूला वळवली. दुसऱ्या दिवशी देवानंदने व्हिडिओ कॉलवर पाहत एक-एक पायरी सांगितली. तिसऱ्या दिवशी इस्तारीने खाट अंगणात उजेडात आणली, स्वतः स्टुलावर पाय रोवून बसला, म्हणजे मधेच आपली चक्कर आली तर दोघं पडायला नको. कुंता खाटेवर आडवी झाली. तिचं डोकं खाटेच्या कडेबाहेर, त्याच्या दोन्ही तळहातांत आलं.

मासोळी हातात घेतली की तिचं वजन इस्तारी काट्याशिवाय सांगायचा, आणि तो चुकत नसे. या डोक्याचा त्याला अंदाज लागेना. भांगात केस एवढे पांढरे झालेले त्याला ठाऊक नव्हते. डाव्या कानामागे एक जुना व्रण होता, तोही त्याने पहिल्यांदाच पाहिला.

"एक," तो मोजू लागला. "दोन. तीन."

नेमका तेव्हाच रामाजी फाटकातून आत आला. मागे सुगंधाबाई. दोघंही दोन दिवस दम धरून होते.

"काय निघालं गा?" रामाजीने विचारलं. "मान ना?"

"चौदा. पंधरा. मले काही नाई निघालं. सोळा."

"काही नाई? मंग चंद्रपूरले गेले काऊन?"

"हिले निघालं. कानात खडे. सतरा. अकरा वर्षं झाले, वर पाह्यलं का घर फिरते तिचं."

सुगंधाबाई पायरीशी थांबली. तिचा हात आपोआप आपल्या कानाकडे गेला. "अगो माय," ती म्हणाली आणि पायरीवरच बसली. "हे झालं का मंग मले बी एकडाव पाहून द्या."

"तू तं गॅस म्हणत होती ना?" रामाजी म्हणाला.

"गप राह्य ना तू!"

रामाजी गप राहणाऱ्यांतला नव्हता. खडे कानात गेले कसे, ते मुरमाचे की रेतीचे, कानात गेले तर दुसऱ्या कानातून बाहेर काऊन नाई पडत, हे त्याला तिथल्या तिथे कळायला हवं होतं. सुगंधाबाई त्याला तिखट उत्तरं देत होती. इस्तारी एकदा रामाजीला काहीतरी म्हणाला आणि मग थांबला.

"कितीवर होतो वं मी?" त्याने खाली वाकून विचारलं.

कुंता मनात मोजतच होती. सव्वीस झाले होते. घर थांबलं होतं, आभाळही थांबलं होतं आणि वर इस्तारीचा उलटा, काळजीत पडलेला चेहरा स्पष्ट दिसत होता.

"मले काय माहीत," ती म्हणाली.

इस्तारीने हात नीट केले आणि पुन्हा एकपासून सुरुवात केली.