जहाजावरची कच्ची वही

जामनेरच्या बाजूला केळीच्या बागा कितीही दिसतील, समुद्र मात्र दिसणार नाही. अशा ठिकाणी जहाजावरची नोंदवही कशी आली, असं तुम्हाला वाटेल. ती वही मीच. ऐका तर मग.

मुंबईच्या एका छापखान्यात माझा जन्म झाला. निळा कापडी पुठ्ठा, आत आखलेले रकाने: वेळ, वारा, लाटा, हवेचा दाब. स्वातंत्र्याला बारा-पंधरा वर्षं झाली असतील. नौदलाच्या एका लहान जहाजावर मला पाठवलं. मी कच्ची वही. डोलत्या जहाजावर आधी माझ्यात लिहायचं आणि नंतर निवांत बसून त्यातलं महत्त्वाचं तेवढं पक्क्या वहीत उतरवायचं. खाडाखोड, चहाचे डाग, ओल्या बोटांचे ठसे, सगळं माझ्याच वाट्याला आलं. मला त्याचं वाईट वाटत नसे. तासातासाचा समुद्र माझ्याकडे होता.

माझ्यात लिहायचा तोताराम. जामनेर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याचं खरं काम दिव्याचं. दिव्याची उघडझाप करून तो दूरच्या जहाजांशी बोलायचा. पण अक्षर सुरेख म्हणून अधिकारी आकडे सांगत आणि तो उतरवून घेई. एका वादळात त्याने मला दोरीने पोटाशी बांधलं होतं. एका हाताने कठडा धरायचा, दुसऱ्याने पेन्सिल. ओळी वाकड्या झाल्या, पण त्याने एकही तास सोडला नाही.

पुढे जहाज म्हातारं झालं. पक्क्या वह्या मुख्यालयात गेल्या. कच्च्या वह्यांचं काम संपलं होतं. तोतारामने साहेबांना विचारलं, "ही मी घरी नेऊ का?" साहेब हसून म्हणाले, "घेऊन जा. अर्धी तुझीच आहे."

गावी तोताराम केळी लावू लागला. दुपारी ओसरीवर बसून मला चाळायचा. बायको बेबाबाई जवळ येऊन विचारायची, "काय लिव्हलं व्हय एवढं?" तो म्हणायचा, "वारा लिव्हला." ती हसायची. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण नवऱ्याचं अक्षर ती शंभरातून ओळखायची.

तो गेल्यावर तिने मला आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवलं. मायेनेच ठेवलं. पण पेटीमागच्या भिंतीला ओल आली आणि तिला ते कळलं नाही. वादळाची पानं नेमकी त्या बाजूला होती. ती एकमेकांना चिकटली आणि कुजून अक्षरं कागदासकट गेली.

मला बाहेर काढलं ते नातीने. भूमिका जळगावला इतिहासात संशोधन करते. मला पाहताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ती घाईघाईने चिकटपट्टी शोधू लागली. नशीब माझं, कुणीतरी तिला पिंप्राळ्याच्या नूर महंमदांकडे पाठवलं. त्यांचं बुकबाइंडिंगचं दुकान.

"चिकटपट्टी नको, बेटी. आज जोडते, उद्या कागद खाते," ते म्हणाले. "आणि हिला घट्ट शिवायचं नाही. सपाट उघडली पाहिजे, म्हणजे तुला फोटो नीट काढता येतील."

टिपकागदात पानं वाळवून, पातळ खळीने त्यांनी एकेक फाटकी कड सांधली. वादळाची पानं त्यांनी सुरीच्या टोकाने सोडवून पाहिली. शेवटी म्हणाले, "ही गेली. खोटं कशाला सांगू?"

भूमिकाने उरलेल्या पानांचे फोटो काढले. ही बातमी धुळ्याला अरिबापर्यंत गेली. अरिबा तिथे कॉलेजात भूगोल शिकवते, आणि अरबी समुद्रावरची जुनी वादळं हा तिचा विषय. तिने फोन केला. "तुमच्या वहीतल्या नोंदी मला बघायला मिळतील?"

मागे भूमिकाने गावोगाव हिंडून जमवलेल्या मुलाखती दुसऱ्याच कुणीतरी आपल्या नावावर छापल्या होत्या. ती जखम अजून ओली होती. "वही अजून दुरुस्तीला आहे," ती म्हणाली. मी तिच्यासमोरच टेबलावर होते.

"काही हरकत नाही," अरिबा म्हणाली. "तोवर माझ्याकडच्या नोंदी पाठवते. तुमच्या उपयोगी पडतील." आणि खरंच तिने सगळं पाठवलं. त्यात एका मालवाहू जहाजाची वही होती. अरिबालाही ती केरळच्या एका संशोधकाने अशीच दिली होती.

सुट्टीत भूमिका गावी आली. मला आजीच्या मांडीवर ठेवून ती "हे धुळ्याच्या अरिबाताईंनी पाठवलंय" म्हणत मोबाईलवर मालवाहू जहाजाची वही वाचू लागली आणि एकदम थांबली. "आजी, आबांच्या जहाजाचं नाव आहे इथे! वादळाची जी पानं गेली, त्याच तारखांना."

तिने मराठी करून वाचून दाखवलं. "संध्याकाळी उत्तरेला नौदलाचं लहान जहाज दिसलं. दिव्याने विचारलं, मदत हवी का? दिव्यानेच उत्तर आलं, नको, सगळे सुखरूप. तुम्ही सांभाळा."

"दिवा कोन दाखवे तठी?" बेबाबाईने विचारलं.

"आबाच. त्या जहाजावर ते काम त्यांचं एकट्याचंच होतं."

म्हातारीने माझ्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "मले तं म्हने, जरासा वारा सुटला होता." मग पदराने डोळे पुसून ती म्हणाली, "ज्या पोरीनं तुले हे धाडलं, तिले तू काय धाडलं?"

भूमिकाने तिथेच धुळ्याला फोन लावला. "अरिबाताई, मी खोटं बोलले होते. वही माझ्याकडेच आहे. सगळे फोटो पाठवते."

"का बोललीस ते मला कळतं," अरिबा म्हणाली. "जिथे या नोंदी वापरेन, तिथे तुझं आणि तुझ्या आजोबांचं नाव असेल."

अरिबाने शब्द पाळला. आता माझी पानं केरळपर्यंत वाचली जातात. वादळाच्या आधीच्या आणि नंतरच्या माझ्या वारा-दाबाच्या आकड्यांवरून ते वादळ कुठून आलं हे त्यांना कळतंय. माझं जे कुजलं, ते त्या मालवाहू जहाजाच्या वहीतून थोडंफार भरून निघतंय.

पुढच्या आठवड्यात मी जळगावला विद्यापीठाच्या संग्रहात जाणार आहे. तिथल्या खोलीत ओल नाही. निर्णय बेबाबाईचाच. काल तिने मला मांडीवर घेतलं, तोतारामने लिहिलेल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि भूमिकाला बजावलं, "कोनी वाचाले मांगलं तं नाही म्हनू नको."

माझ्यासारख्या किती वह्या कुणाकुणाच्या पेट्यांत पडल्या असतील. तुमच्या घरी एखादी असेल तर तिला वारा लागू द्या, जाणत्या माणसाला दाखवा. आणि कधी जळगावला आलात तर माझ्याकडे या. हात धुऊन कोरडे करा आणि खुशाल मला उघडा. मला कुणी हात लावावा, हेच मला हवं आहे.